हलगी थांबली होती

माझा आवाज कदाचित तुमच्या ओळखीचा असेल. परभणीत किंवा आसपासच्या गावांत राहत असाल आणि दुपारची जेवणं उरकल्यावर फर्माइशी गाण्यांचा कार्यक्रम लावत असाल, तर मी तुमच्या घरात कितीदा तरी येऊन गेलोय. पण आता जे सांगणार आहे ते त्या आवाजात कधी बाहेर पडलेलं नाही. बायकोसमोर नाही, मित्रासमोर नाही. देवासमोर हात जोडतानाही मी ते मनात येऊ देत नाही — न जाणो, त्यानं ऐकलं तर?

हसू नका. भीती माणसाला असंच खुळं करते.

कुठून सुरुवात करू? भीतीपासूनच करतो, तीच माझ्या जास्त ओळखीची आहे. मला शांततेची भीती वाटते. घरात पंख्याची घरघर लागते, टीव्ही चालू लागतो, काहीच नसलं तर मी नळ सोडून ठेवतो. पाण्याची बोंब असलेल्या आमच्या शहरात नळ सोडून ठेवणाऱ्या माणसाला बायको काय काय बोलत असेल, ते तुम्हीच ताडा. ती म्हणते, रेडिओवाल्याची खोड आहे, गप्प बसलं की जीव घाबरतो यांचा. पाहुण्यांतही ती हे कौतुकानं सांगते. मी हसतो. तिला तसंच वाटू दिलेलं आहे.

आणि दुसरी भीती हलगीची. लग्नसराईत वसमत रोडवरून वरात जाते, पुढं हलगीवाले असतात, पोरं नाचत असतात. त्या वेळी मी बाल्कनीचं दार लावून आत जातो. शांतता नको आणि हलगीही नको. मग या माणसानं जगावं कसं? जगतोय खरा. बरं चाललंय, असंच लोकांना दिसतं.

रेडिओचं वेड मला लहानपणापासून. त्यापायी औरंगाबादला जाऊन आलो, पुण्याला जाऊन आलो. कुठंच डाळ शिजली नाही. आमच्याकडं निजामाच्या काळापासून म्हणतात ना, बनी तो बनी, नहीं तो परभणी — तसा परत आलो. इथल्या एका लहानशा रेडिओ केंद्रात नैमित्तिक निवेदक म्हणून लागलो. नैमित्तिक म्हणजे बोलावतील तेव्हा जायचं, नाही बोलावलं तर घरी बसून आवाज सांभाळायचा. उरलेल्या दिवसांत मी गावोगाव माईकवर असायचो. कबड्डीचे सामने, गणपतीतली गाण्यांची स्पर्धा आणि उन्हाळ्याच्या तोंडावर कुस्त्यांच्या दंगली. कुस्तीचा एक डाव मला कधी खेळता आला नाही, पण माईकवरून सगळे डाव मीच मारायचो. लोक म्हणायचे, पैलवान पडतो मातीत आणि घाम फुटतो याला.

त्या वर्षी केंद्रप्रमुखांनी मला बोलावून सांगितलं, आपल्या मातीतल्या कुस्तीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम करा. प्रत्यक्ष फडातलं ध्वनिमुद्रण हवं, हलगीसकट. चांगला झाला तर दुपारचा कार्यक्रम कायमचा तुमच्याकडं देऊ. ते कायमचा म्हणाले. तो शब्द कानात घेऊन मी घरी आलो होतो, आणि बायकोनं त्या दिवशी पुरणपोळी केली होती. हे कशाला सांगतोय? पुरणपोळीचा काय संबंध? काही नाही. मी मुद्द्याकडं जायचं टाळतोय, एवढंच.

आता शिवामामांबद्दल सांगायला हवं. शिवामामा हलगी वाजवायचे. पन्नाशीचे, काटकुळे, डोक्याला मळका रुमाल. सगळा जिल्हा त्यांना मामाच म्हणायचा. फड सुरू व्हायच्या आधी ते कडेला काडीकचरा पेटवून हलगी शेकत बसत, कानाशी नेऊन एक टिचकी मारून पाहत, आणि मग उठत. ते उठले की लोक आपोआप पुढं सरकायचे.

कुस्तीच्या फडात हलगी नुसती जोश चढवायला नसते. आमच्याकडच्या फडाची एक रीत आहे. हजारो माणसं ओरडत असतात, पंचांची शिट्टी कोणाला ऐकू येत नाही. म्हणून कुस्ती थांबवायची असली की पंच हात वर करतात, हलगीवाला तो हात बघून हलगी बंद करतो, आणि हलगी बंद झाली की पैलवानांच्या हातातली पकड सुटते. मातीत तोंड खुपसलेल्या माणसाला पंच दिसत नाहीत. त्याला हलगी ऐकू येते. हलगी चालू तर कुस्ती चालू. शाळेत न गेलेल्या पोरालाही हे ठाऊक असतं. मला तर होतंच.

शेवटची मोठी कुस्ती अंगदची होती. अंगद सोनपेठकडचा, उमदा पोरगा, घरात चुलत्यानं खाऊ-पिऊ घालून वाढवलेला. समोरचा लातूरकडचा, वजनानं भारी. उन्हं कलली होती. मी मंचावर, समोर टेबलावर माईक आणि त्याच्या शेजारी ध्वनिमुद्रणाचं छोटं यंत्र. मंचाच्या खाली, माझ्या पायाशीच म्हणा ना, शिवामामा. आवाज इतका सुरेख येत होता की काय सांगू. गर्दीचा, हलगीचा, माझा. मनातल्या मनात मी कार्यक्रम जोडायलाही लागलो होतो. शेवट याच कुस्तीनं करायचा.

लातूरच्या पैलवानानं अंगदला पालथा पाडला. त्याचा उजवा हात पाठीमागं पिळून धरला आणि मानेवर गुडघा दिला. आणि हलगी थांबली.

इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आलोय की हलगी का थांबली ते मला कळलं नाही. मामांच्या हातातली काडी निसटली असेल, असं वाटलं. पंच फडाच्या पलीकडच्या बाजूला होते, उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती, मला त्यांचा हात दिसला नाही.

खोटं आहे. दिसला होता. पंचांचा हात वर गेलेला मला स्वच्छ दिसला होता. लातूरच्या पैलवानाचा गुडघा सैल पडायला लागलेलाही दिसला. आणि मला काय वाटलं असेल? अंगदचं काय झालं, असं नाही वाटलं. वाटलं, ऐन रंगात ध्वनिमुद्रण मोडलं. आता कुस्ती सोडवणार, परत उभ्यानं, खडाखडीपासून लावणार, उजेड जाणार, लोक उठणार, आणि माझा शेवट गेला. दोन श्वासांची शांतता असेल ती. रेडिओवरच्या माणसाला दोन श्वास म्हणजे खड्डा वाटतो.

मी माईकवर तळहात दाबला, खाली वाकलो आणि म्हणालो, “वाजवा मामा, वाजवा. थांबू नका.”

मामांनी वर माझ्याकडं पाहिलं. माझा हात चालूच होता, वाजवा, वाजवा. ते गोंधळले. पण मंचावरून आलेला शब्द होता, आणि मंचावरचा शब्द मोडायची त्यांच्यासारख्याला कोणी सवय लावली होती? पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराला सांगितलं की वाजवायचं, एवढंच शिकवलं गेलं होतं. त्यांनी काडी उचलली. हलगी कडाडली. पैलवानाला वाटलं, कुस्ती चालू आहे, आणि त्यानं सुटत आलेली पकड सगळ्या अंगानिशी परत आवळली.

अंगद ओरडला असणार. कोणालाच ऐकू आलं नाही. हलगी जोरात होती, आणि तिच्यावर माझा आवाज होता.

त्याला नांदेडला नेलं. जीव वाचला, पण मानेतून हाताकडं जाणारं काहीतरी कायमचं गेलं. उजवा हात खांद्यापासून नुसता लोंबतो.

इथंपर्यंत सांगून थांबलो असतो तर तुम्ही म्हणाला असता, चूक झाली, घाईत माणसाकडून होते. माझ्याही मनात आलं की इथंच थांबावं. पण खरी गोष्ट इथून पुढं आहे.

दुसऱ्या दिवशी केंद्रात बसून मी कार्यक्रम जोडला. ती शांतता कापली. अलीकडची हलगी पलीकडच्या हलगीला चिकटवली, ठेका असा बसवला की सांधा कोणाला कळू नये. सवयीनं कापली, असं म्हणू का? आम्ही रोजच कापतो, खोकला, अडखळणं, रिकामी जागा. पण सवयीनं नव्हती कापली. कानाला हेडफोन लावून मी ती जागा ऐकली होती. माईकवर हात होता, पण टेबलावरच्या यंत्रानं सगळं टिपलं होतं. “वाजवा मामा, वाजवा. थांबू नका.” माझाच आवाज, गोड, सगळ्यांच्या ओळखीचा. अंगद तेव्हा नांदेडला दवाखान्यात होता, हे मला माहीत होतं. मी ते वाक्य शांततेसकट काढून टाकलं आणि मूळ ध्वनिमुद्रणही पुसलं. मग बाहेर जाऊन चहा प्यायलो.

कार्यक्रम लागला, आणि लोकांना फार आवडला. टपऱ्यांवर, दुकानांत लोकांनी उभं राहून ऐकला.

पुढं आठवडाभरात तालमीत बैठक बसली. अंगदच्या चुलत्याला जाब हवा होता. पंच म्हणाले, मी हात वर केला, हलगी थांबली नाही. शिवामामा म्हणाले, थांबवली होती, पण मंचावरून खूण आली म्हणून परत धरली. कोणी म्हणे थांबली होती, कोणी म्हणे नव्हती. गर्दीतल्या माणसाला काय आठवणार? मग एकजण म्हणाला, “रेडिओवर तर सलग वाजायलीय. आमी समद्यांनी ऐकलीय.” आणि मला बोलावणं आलं, कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण घेऊन या म्हणून.

मी तालमीत शिरलो. सगळ्यांचे डोळे माझ्यावर. चुलत्यानं विचारलं, सायेब, तुमी मंचावर होता, तुमीच सांगा. शिवामामा कोपऱ्यात उभे होते. ते माझ्याकडं रागानं पाहत नव्हते. सुटका करणारा माणूस आला, अशा डोळ्यांनी पाहत होते.

एक वाक्य पुरलं असतं. मी म्हणालो, मी काय सांगू, ध्वनिमुद्रणच आहे, ऐका.

मी तोंडानं खोटं बोललो नाही, हे बघताय ना? एवढी हुशारी माझ्यात होती. यंत्र खोटं बोललं, मी नुसतं बटण दाबलं. हलगी सुरू झाली आणि कुठंही न थांबता वाजत राहिली. मला वाटत होतं, आता मामा ओरडतील, आता माझ्या अंगावर येतील, आता सगळ्यांना कळेल. मामांनी शेवटपर्यंत ऐकलं. रुमाल काढून हातात घेतला. आणि म्हणाले, “रेडिओ कामून खोटं बोलंल? मला वाटलं व्हतं, थांबवली. न्हाई थांबवली म्हनायचं मी.”

ते मला वाचवायला बोलले नव्हते. त्यांना ते खरं वाटलं होतं. आपल्या हातांपेक्षा त्यांचा रेडिओवर जास्त विश्वास होता.

त्यानंतर त्यांना कोणी फडात बोलावलं नाही. बोलावलं असतं तरी ते गेले नसते. हलगी त्यांनी पुन्हा शेकलीच नाही, असं ऐकलं. पुढं अंगदनं बस स्टँडजवळ चहाची टपरी टाकली, एका हातानं चहा गाळायला शिकला. तिथं ग्लास विसळायला कोण असतं? शिवामामा. कोणी सांगितलं नव्हतं, आपण होऊन गेले. अंगद म्हणाला म्हणे, मामा, मी तुमाला कधीच माफ केलंय, तुमी जावा घरी. ते गेले नाहीत. आणि टपरीवर दुपारी रेडिओ चालू असतो. अंगदला जुनी गाणी आवडतात. कार्यक्रम माझा असतो. तो मला कायमचा मिळाला.

मी त्या रस्त्यानं जात नाही. स्टँडवर जायची वेळ आलीच तर मागून वळसा घालतो. फर्माइशींमध्ये अंगदचा फोन कधीमधी येतो. सोनपेठचा पैलवान बोलतोय, म्हणतो आणि हसून गाणं सांगतो. मी त्याचं नाव घेऊन गाणं लावतो. माझा आवाज तेव्हा जरासुद्धा कापत नाही. कधीकधी मला अंगदची किंवा लोकांची नाही, त्या आवाजाचीच भीती वाटते.

हे सगळं मी असंच पोटात ठेवून मेलो असतो. पण यंदा उरुसाचे दिवस संपल्यावर एका दुपारी केंद्राच्या चौकीदारानं आत येऊन सांगितलं, कोणी शिवामामा भेटायला आलेत.

आठवलं त्यांना, असं वाटलं. इतक्या वर्षांनी कोणीतरी तोंड उघडलं, मंचावरच्या कोणीतरी ऐकलं असणार. मागच्या दारानं निघून जावं, असंही मनात आलं. चौकीदार उभाच होता. मी म्हणालो, पाठव.

मामा म्हातारे झालेत. डोळ्यांना कमी दिसतं, चौकट चाचपत आत आले. खुर्चीवर बसायला तयार नव्हते, मीच बसवलं. मग म्हणाले, “सायेब, ते कुस्तीचं अजून हाय का तुमच्याकडं? एकदा ऐकायचं व्हतं. जायच्या आधी बघावं म्हनलं, कुठं चुकलो ते.”

केंद्रात जुने कार्यक्रम जपून ठेवलेले असतात. नाही म्हणायची सोय होती, सापडत नाही म्हणायची सोय होती. खरं सांगायचीही होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, दार लावलेलं, भिंती आवाज बाहेर जाऊ न देणाऱ्या. खरं बोलायला याहून बरी जागा परभणीत कुठं असेल?

मी कार्यक्रम लावला.

मामांनी डोळे मिटले. हलगी सुरू झाली तशी त्यांची बोटं गुडघ्यावर वाजायला लागली, बरोब्बर तालात. चेहरा उजळला होता. तालमीतल्या त्या बैठकीनंतर ते आपलीच हलगी पहिल्यांदा ऐकत होते. माझा आवाज आला, गर्दीचा आला, अंगद पालथा पडला. मला ती जागा कुठं आहे ते माहीत होतं. झोपेतून उठवलं तरी सांगेन. ती जागा आली, आणि मामांची बोटं थांबली.

यंत्रातली हलगी वाजत होती आणि गुडघ्यावरची बोटं थांबलेली होती. ज्या जागी त्यांनी तेव्हा हलगी थांबवली होती, त्याच जागी. डोक्यानं ते विसरले होते, बोटं विसरली नव्हती. मामांनी डोळे उघडून बोटांकडं पाहिलं, मग यंत्राकडं पाहिलं, मग माझ्याकडं. आता विचारतील, असं वाटलं. आणि सांगतो — त्या क्षणी मला वाटलं होतं, विचारावं. विचारलं तर मी सांगेन.

ते ओशाळं हसले. “बोटं म्हातारी झाली, सायेब. मधीच थांबायलीत.”

आणि पुन्हा ताल धरायचा प्रयत्न करायला लागले.

कार्यक्रम संपला. त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाले, “तुमी टेप केलं म्हनून खरं काय ते कळलं. न्हाईतर मी जल्मभर सोताला बरोबर समजत बसलो असतो. पोराचा हात गेला, आन् वर मी खोटाडा झालो असतो.”

मी म्हणालो, चहा घेता का?

एवढंच म्हणालो. ते नको म्हणाले, टपरीवर गर्दीची वेळ झाली होती. चौकट चाचपत गेले. दार लागल्यावर खोलीत काही आवाज उरला नाही, आणि माझा कार्यक्रम सुरू व्हायची वेळ झाली. लाल दिवा लागला. मी नेहमीसारखा नमस्कार म्हणालो.

तेव्हाच्या चुकीची कबुली द्यायला बसलो होतो, पण ती चूक अजून संपलेली नाही, हे लिहिता लिहिता कळतंय. तेव्हा मी तरुण होतो, घाबरलो होतो, हावरा होतो. आता कशाचा हावरा आहे? कार्यक्रम तर कायमचा मिळालेला आहे. तरी एका आंधळ्या होत चाललेल्या म्हाताऱ्यासमोर, बंद खोलीत, माझं तोंड उघडलं नाही.

उद्या दुपारी मी पुन्हा माईकसमोर बसेन. टपरीवर रेडिओ चालू असेल, अंगद एका हातानं चहा गाळत असेल आणि मामा माझा आवाज ऐकत ग्लास विसळत असतील. त्यांना ऐकू चांगलं येतं. वाचता येत नाही. म्हणूनच हे मी बोललो नाही, लिहिलंय.